मुरूम : औषधोपचार व त्यांचा पुरावा

मुरूम (तारुण्यपीटिका) हा त्वचेतील तैलग्रंथी व केसांच्या मुळांचा विकार आहे. तेलाचा वाढलेला स्राव, बुजलेली रंध्रे, क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस या जंतूची वाढ आणि दाह ही त्याची चार कारणे. सावळ्या त्वचेवर पुळी बसल्यावर राहणारा काळा डाग रुग्णाला पुळीपेक्षा जास्त खुपतो. कोणत्याही औषधाला 8 ते 12 आठवडे द्यावे लागतात. पुष्कळ रुग्ण त्याआधीच ट्यूब बदलतात.

चिठ्ठीविना मिळणारी औषधे : यांत बेंझॉइल पेरॉक्साइडचे स्थान पहिले. जंतूंमध्ये त्याविरुद्ध रोधकता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. 2.5% जेलचा परिणाम 10% च्या जवळपास तेवढाच असतो आणि जळजळ कमी होते, म्हणून जास्त टक्क्यांचा हट्ट निरर्थक आहे. टॉवेल व उशीचे अभ्रे यांचा रंग मात्र उडतो. 2020 च्या कॉक्रेन आढाव्याने या औषधाच्या बाजूने कौल दिला, पण पुराव्याची खात्री कमी ठरवली. ॲडापॅलीन 0.1% अमेरिकेत 2016 पासून चिठ्ठीविना मिळते. ते रात्री, मटारच्या दाण्याएवढे, सबंध चेहऱ्यावर पातळ लावतात. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते. गरोदरपणात ते टाळतात. सॅलिसिलिक ॲसिडच्या फेसवॉशचा खप मोठा, पुरावा तोकडा. ॲझेलिक ॲसिड काळ्या डागांवरही उपयोगी आहे.

स्टेरॉइड मलमे : हा उपचार नव्हे, तरीही भारतातील मुरमांची कोणतीही नोंद याशिवाय अपुरी ठरते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असलेली मलमे 'गोरेपणाची क्रीम' म्हणून चेहऱ्याला लावली जातात. दाह दबल्याने आठवडाभरात चेहरा उजळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाली येते, केस वाढतात आणि एकसारख्या पुळ्या उठतात. मलम थांबवताच चेहरा भडकतो, म्हणून रुग्ण पुन्हा तेच लावतो. देशातील 12 त्वचारोग केंद्रांच्या 2011 मधील अभ्यासात चेहऱ्याच्या विकारांचे 2,926 रुग्ण तपासले गेले. त्यांपैकी 433 जण स्टेरॉइड लावत होते, आणि त्यांतील 104 जण मुरमांसाठी. निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवले होते. तीव्र मलमांचा वापर ग्रामीण व उपनगरी भागांत अधिक होता. 2018 मध्ये केंद्र सरकारने ही मलमे 'एच' अनुसूचीत आणली, त्यामुळे चिठ्ठी बंधनकारक झाली. नियम कागदावर स्पष्ट आहे. दुकानात तो किती पाळला जातो, याविषयी मतभेद आहेत.

पोटातून घेण्याची औषधे : मध्यम व तीव्र दाहात डॉक्सिसायक्लीन देतात, शक्यतो 3 ते 4 महिन्यांपुरतेच आणि सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड, म्हणजे जंतूंची रोधकता लांबणीवर पडते. या गोळीने त्वचा उन्हाला हळवी होते. नाशिक जिल्ह्याच्या कळवण तालुक्यात कांद्याच्या शेतात दिवसभर राबणाऱ्यांना हे आधी सांगायला हवे; गोळी भरपूर पाण्यासोबत घ्यावी व लगेच आडवे होऊ नये, हेही. मिनोसायक्लीन त्याहून सरस असल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

गाठी व खड्डे पाडणाऱ्या मुरमांत आयसोट्रेटिनॉइन सर्वांत प्रभावी. 1982 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध चारही कारणांवर काम करते. रोजची मात्रा वजनाच्या दर किलोमागे 0.5 ते 1 मिलिग्रॅम. ओठ फुटणे जवळपास सर्वांना. गर्भात गंभीर व्यंगे निर्माण करत असल्याने उपचार सुरू होण्याच्या एक महिना आधीपासून, उपचारभर आणि संपल्यावर आणखी एक महिना गर्भनिरोधन काटेकोर पाळावे लागते. यकृत व रक्तातील चरबीच्या तपासण्याही होतात. कळवणहून नाशिकच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचे तर 70 ते 80 किलोमीटर अंतर पडते. पुढच्या भेटीची सोय ठरल्याशिवाय हे औषध सुरू करू नये.

प्रौढ स्त्रियांत स्पायरोनोलॅक्टोन उपयुक्त ठरल्याचे 410 स्त्रियांवरील, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत दिसले. फरक 24 आठवड्यांनी अधिक स्पष्ट झाला.

आहार : साखर व मैद्याचे प्रमाण कमी केल्याने काहींना फायदा होतो; पुरावा मर्यादित.