मुळी आणि गोळी

१९५५ साली एकाच औषधाबद्दल डॉक्टर मंडळी दोन अगदी उलट गोष्टी सांगत होती. अमेरिकेतले काही डॉक्टर लिहीत होते, की ब्लडप्रेशरसाठी हे औषध घेणारे रुग्ण उदास होतायत, रडतायत, काहींना थेट मनोरुग्णालयात भरती करावं लागतंय. त्याच वर्षी लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमधल्या डेव्हिस आणि शेफर्ड या दोघांनी ‘लॅन्सेट’मध्ये निबंध छापला: चिंता आणि उदासी घेऊन आलेल्या रुग्णांना हेच औषध दिलं, तर त्यांना बरं वाटतं. औषधाचं नाव रेझर्पिन. ते मिळतं सर्पगंधेच्या मुळीतून, म्हणजे आपल्याच मातीतल्या एका झुडपातून.

मी या भानगडीत पडले त्याचं कारण सरळ आहे. दोन वर्षांपासून मी रोज दहा मिलिग्रॅम एस्सिटालोप्राम घेते. ऑफिसमधल्या निम्म्या टीमच्या डेस्कवर अश्वगंधाच्या गमीज असतात, आणि मिरजेच्या आत्याचा दर रविवारी फोन असतो, ‘अगं, ते केमिकल सोड आणि काहीतरी नॅचरल घे.’ आत्याला गप्प करता येईल असं उत्तर शोधायला बसले होते. सापडलं ते वेगळंच. माझ्या केमिकलचा वंशवृक्ष मागे मागे नेला, की वाटेत एक मुळी लागते.

सर्पगंधा आपल्याकडे फार जुनी. सापाच्या विषावर, तापावर, झोपेसाठी लोक तिची मुळी उगाळून देत. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली तिथेच छापलेल्या पुस्तकात सापाच्या विषावर चालणाऱ्या लाकडांबद्दल लिहिलं. त्यातलं एक सर्पगंधाच असावं, असं अभ्यासक मानतात. तिचं शास्त्रीय नाव मात्र राउवोल्फिया सर्पेंटिना. लिओनहार्ट राउवोल्फ हा ऑग्सबर्गचा डॉक्टर. तो भारतात कधी आलाच नाही. अरब मुलुखात फिरला आणि कॉफी पिण्याबद्दल लिहिणाऱ्या पहिल्या युरोपियनांपैकी एक ठरला. त्याच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी एका फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचं नाव या कुळाला चिकटवून टाकलं. बिहारमध्ये लोकांनी याहून नेमकं नाव ठेवलं होतं: पागल की दवा.

प्रयोगशाळेत ही मुळी पोचली ती १९३१ च्या सुमाराला. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी तिच्यातले अल्कलॉइड वेगळे करत होते. एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन असं नाव दिलं. या सगळ्याकडे बाहेरच्या जगाने ढुंकूनही पाहिलं नाही.

मग मुंबई. केईएम हॉस्पिटलचे रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सहा पानांचा निबंध छापला. उच्च रक्तदाबाचे पन्नास रुग्ण, त्यांना सर्पगंधाच्या गोळ्या, गोळ्यांआधीचं आणि नंतरचं प्रेशर. मला हा निबंध आवडतो, कारण त्यात मुळीची महती गायलेली नाही आणि तिची टिंगलही नाही. पारा किती उतरला ते आहे. वापर शेकडो वर्षं होता, पण जगाला पटेल असा आकड्यांचा तक्ता या सहा पानांत आला.

पुढचं भराभर घडलं. स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने १९५२ साली मुळीतून रेझर्पिन वेगळं काढलं. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिलं आणि १९५४ मध्ये निष्कर्ष मांडले. क्लोरप्रोमॅझीन नुकतंच आलं होतं. या दोन औषधांनी वेड्यांच्या इस्पितळांतला आरडाओरडा आणि बांधून ठेवणं कमी केलं. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या यादीत क्लाइन आहेत आणि आपले वकीलही.

खरी गंमत त्यानंतर. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेला दिसलं, की रेझर्पिन दिल्यावर शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखवलं, की रेझर्पिनने थिजून बसलेल्या सशांना एल-डोपा दिलं की ते पुन्हा हिंडू लागतात. डोपामिनच्या या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. इकडे टीबीवर काढलेलं इप्रोनायझिड घेऊन क्षयाचे रुग्ण भलतेच खुशीत येत होते. आणि ते आधी दिलेल्या जनावरांना रेझर्पिन दिलं तर ती सुस्तावण्याऐवजी उड्या मारत होती. यावरून क्लाइननी इप्रोनायझिड उदास रुग्णांना देऊन पाहिलं. एक रसायन घटलं की उदासी, वाढलं की उत्साह, असं सोपं गणित तयार झालं. जोसेफ शिल्डक्राउट यांनी १९६५ मध्ये ते सिद्धांत म्हणून मांडलं. त्यांच्या पुराव्यांत रेझर्पिन ठळक होतं. माझी गोळी ज्या कुटुंबातली आहे, ती सेरोटोनिन टिकवून धरणारी औषधं याच विचारातून पुढे आली.

मग त्या उदास झालेल्या ब्लडप्रेशरवाल्यांचं काय? इथे मला माझा धंदा आठवतो. प्रॉडक्शनवर काहीतरी बिघडतं, आणि कालच कोणीतरी कोड टाकलेला असतो. सगळे त्याच्याकडे बघतात. पण रोज किती वेळा असंच बिघडतं, हे कोणीच मोजलेलं नसतं. रेझर्पिनबद्दलचे ते अहवाल बहुतेक असेच होते. थोडे रुग्ण, बरेचदा मोठे डोस, तुलनेला कोणी नाही. औषधाने येणारी सुस्ती, अस्वस्थपणा आणि खरं नैराश्य यांत नीट फरकही केलेला नाही. उलट डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण वाटले आणि काहींना खोटी गोळी दिली. मनोविकारांत तेव्हा असं करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरी सिद्धांताच्या वाट्याला आले ते पहिले अहवाल, आणि लंडनचा निबंध कपाटात गेला. २००३ साली बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी जुना पुरावा पुन्हा चाळला आणि रेझर्पिनमुळे नैराश्य येतं ही समजूत म्हणजे एक दंतकथा आहे, असं म्हटलं. दरम्यान त्या समजुतीवर अख्खी इमारत उभी राहिली होती.

इमारत डळमळली म्हणून गोळ्या निरुपयोगी ठरत नाहीत. औषध का चालतं आणि चालतं का, हे दोन वेगळे प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर मोजून मिळतं. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ने २१ नैराश्यरोधक औषधांच्या ५२२ चाचण्यांचा एकत्र हिशेब छापला. सगळी खोट्या गोळीपेक्षा सरस निघाली, पण सरासरी फरक माफक, आणि हिशेब बहुतांशी पहिल्या आठेक आठवड्यांचा. जाहिरातीत बसेल असं हे वाक्य नाही. मला दिलासा वाटतो तो त्याच्या कंजूषपणामुळेच.

आता हाच गज वनस्पतींना लावू. युरोपातली सेंट जॉन्स वर्ट ही पिवळ्या फुलांची वनस्पती जर्मनीत डॉक्टर लिहूनही देतात. २००२ साली अमेरिकेत ३४० रुग्णांवर तिची मोठी चाचणी झाली. ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. मजा म्हणजे तुलनेला ठेवलेलं सर्ट्रालीनही मुख्य मोजमापांवर सरस ठरलं नाही. २००८ मध्ये २९ चाचण्या एकत्र केल्यावर मात्र ती खोट्या गोळीपेक्षा चांगली आणि नेहमीच्या औषधांच्या तोडीची दिसली. जर्मन भाषक देशांतल्या चाचण्यांत आकडे जास्त गोड होते. म्हणजे ती काम करते, बऱ्यापैकी. आणि काम करते म्हणूनच इतर औषधांत लुडबुडही करते. यकृत तिच्यामुळे काही औषधं लवकर निकालात काढतं. झुरिकमध्ये हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांत सायक्लोस्पोरिनची पातळी घसरून शरीर नवं हृदय नाकारू लागलं, असं २००० साली छापून आलं. माझ्या गोळीसोबत ती घेतली तर सेरोटोनिनचा अतिरेक होऊन जिवावर बेतू शकतं.

अश्वगंधेवर चाचण्या आहेत. ताण आणि झोपेबाबत काही निकाल आशादायकही आहेत, पण चाचण्या लहान, काही आठवड्यांच्या. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत; डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. मला ती घाई वाटते. पण ‘नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य मी ऑफिसात आता ऐकून सोडत नाही. परिणाम करतं ते दुष्परिणामही करू शकतं. रेझर्पिन मुळीत असताना नॅचरल होतं आणि बाटलीत गेल्यावर केमिकल झालं, रेणू तोच. फरक एवढाच की मुळीत त्याच्यासोबत इतर डझनावारी अल्कलॉइड असतात आणि त्यांचं प्रमाण जागेनुसार, हंगामानुसार बदलतं. बाटलीवर ०.२५ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं.

हे सगळं आत्याला फोनवर सांगून झालं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तू नको घेऊस. मला तर लागू पडलंय.’ गेले चार महिने झोपेसाठी ती कुणा वैद्याकडचं चूर्ण घेत होती, हे मला तेव्हा कळलं. ब्लडप्रेशरची गोळी सहा वर्षांपासून चालूच. सकाळी पलंगावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, असं ती दिवाळीपासून म्हणत होती आणि आम्ही सगळे वयाकडे बोट दाखवत होतो. पुडीवरच्या लेबलचा फोटो मागवला. हाताने लिहिलेली सहा नावं: अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी, शंखपुष्पी, सर्पगंधा, खडीसाखर. प्रमाण एकाचंही नाही.

तिच्या डॉक्टरांना तो फोटो दाखवला. त्यांनी आधी तिला बसवून प्रेशर घेतलं, मग उभं करून पुन्हा घेतलं. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा २६ ने कमी होता. चूर्णामुळे, गोळीमुळे की दोन्हींमुळे, ते एवढ्यावरून सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. चूर्ण बंद ठेवून दोन आठवडे रोज सकाळी बसून आणि उभं राहून घेतलेले आकडे वहीत लिहायला सांगितले. झोपेचे तासही. आत्याने जुन्या दूधवाल्याच्या हिशेबाची वही काढलीये. कालपर्यंत नऊ ओळी भरल्या आहेत.