मऊ भात

आमच्या घरी सकाळी साडेसहाला लागणारा कुकर माणसांसाठी नसतो. मूठभर तांदूळ, चिमूटभर मुगाची डाळ, भरपूर पाणी. मीठ नाही, फोडणी नाही. शिट्ट्या नेहमीपेक्षा दोन जास्त. मग भात पळीने घोटायचा, त्यात उकडलेलं अंडं कुस्करायचं आणि गार झालाय का ते बोट घालून बघायचं. हा मऊ भात खारीचा. बेकरीतल्या खारीच्या रंगाचं हे पिल्लू बडोद्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी पावसात सापडलं, तेव्हा मी नुकतीच तिशी ओलांडली होती आणि पहिल्या पुस्तकाचा अनुवाद करत होते. आता खारी साडेपंधरा वर्षांची आहे. दाढा बहुतेक पडल्या. डोळ्यांवर दुधाची साय धरल्यासारखं दिसतं. ऐकू येत नाही. मागचे पाय फरशीवर घसरतात म्हणून घरभर गोणपाट अंथरलंय, आणि तीन जिने उतरताना तिच्या पोटाखालून जुना पंचा घालून अर्धा भार मी उचलते.

महिन्यापूर्वी शेजारच्या बा म्हणाल्या, "बेन, आता हिला पांजरपोळात ठेव. तुझे हाल बघवत नाहीत." गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी हळू आवाजात दुसरा मार्ग सुचवला. दोन्ही सल्ले मायेचेच होते. मी घरी आले आणि आमच्या पेशातल्या लोकांची खोड म्हणून पुस्तकं काढून बसले. म्हाताऱ्या कुत्र्यांचं माणसांनी आजवर काय केलं, हे मला बघायचं होतं.

इतिहासात कुत्री पुष्कळ आहेत, पण ती बहुतेक कामावरची: शिकारीची, राखणीची, मेंढरांमागची. धन्यासाठी जीव देणाऱ्या कुत्र्यांच्या कथा आहेत, त्यांची स्मारकंही होतात. पण मरण लांबलं, दात पडले, भुंकणं थांबलं, तर त्या वर्षांची नोंद कोण ठेवणार? गाय आटली की तिला भाकड म्हणतात. कुत्र्याचं काम संपलं हे सांगणारा तसा शब्द मराठीत मला आठवत नाही. कुणाची दैना सांगायची तर आपण म्हणतो, कुत्रं हाल खाणार नाही. खुद्द कुत्र्याच्या हालांना मात्र शब्द नाही.

साहित्यातलं सर्वांत प्रसिद्ध म्हातारं कुत्रं म्हणजे 'ओडिसी'च्या सतराव्या सर्गातला आर्गोस. एम.ए.ला तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्ही तो प्रसंग 'ओळख पटण्याचा प्रसंग' म्हणून शिकलो. वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात परतलेल्या ओडिसिअसला घरातलं कुणी ओळखत नाही. कुत्रा ओळखतो, शेपूट हलवतो, कान पाडतो आणि मरतो. मी परीक्षेत तेच लिहिलं. परवा पुन्हा वाचताना नजर दुसरीकडे अडकली. आर्गोस दारापुढच्या शेणाच्या ढिगावर पडलाय. अंगावर गोचिडी आहेत. उठून धन्याजवळ जाण्याचं बळ नाही. डुकरं राखणारा युमेअस कारणही सांगतो: धनी नाही, म्हणून दासी याची काळजी घेत नाहीत. निष्ठेची म्हणून गाजलेली ही कथा हेळसांडीचीही आहे. ओडिसिअस डोळ्यांतलं पाणी पुसतो, तेही युमेअसच्या नकळत, आणि पुढे जातो. त्याला वेष सांभाळायचा आहे.

वीस वर्षांचं कुत्रं ही कवीची अतिशयोक्ती असेल, असं मला वाटे. ॲरिस्टॉटलने मात्र प्राण्यांवरच्या ग्रंथात याचा हिशोब मांडला आहे. लॅकोनियन जातीचा कुत्रा सुमारे दहा वर्षं जगतो, कुत्री बारा. इतर बहुतेक कुत्री चौदा-पंधरा, काही वीससुद्धा. म्हणूनच होमरचं बरोबर आहे असं काहींना वाटतं, असं तो नोंदवतो. कुत्र्याचं वय दातांवरून ओळखतात, हेही तो सांगतो: तरुणाचे पांढरे नि टोकदार, म्हाताऱ्याचे काळे नि बोथट. म्हणजे चोवीसशे वर्षांपूर्वीही काही कुत्री खारीएवढी जगत होती, आणि कुणीतरी त्यांचे ओठ वर करून दात बघत होतं.

म्हाताऱ्या जनावराचं काय करायचं, या प्रश्नावरचा एक जुना वाद मला रोमन जगात सापडला. थोरला केटो (इ.स.पू. २३४-१४९) शेतीवरच्या पुस्तकात जमीनदाराला सल्ला देतो: म्हातारे बैल विका, जुनी गाडी नि अवजारं विका, म्हातारा गुलाम विका, आजारी गुलामही विका. सगळं एकाच यादीत. सुमारे अडीचशे वर्षांनी केटोचं चरित्र लिहिताना प्लुटार्क इथे थबकतो. जिवंत प्राण्यांना वहाणा-भांड्यांसारखं वापरून फेकू नये, असं तो म्हणतो. भल्या माणसाने थकलेल्या घोड्यांना पोसावं आणि कुत्र्यांना पिल्लूपणीच नव्हे, म्हातारपणीही सांभाळावं. मग तो पेरिक्लीसचा बाप झँथिपस याच्या कुत्र्याची गोष्ट सांगतो. इ.स.पू. ४८० मध्ये अथेन्सचे लोक शहर सोडून निघाले तेव्हा हा कुत्रा गलबताच्या बाजूने पोहत सॅलमिस बेटापर्यंत गेला. त्याला जिथे पुरलं, त्या भूशिराला 'कुत्र्याची समाधी' हे नाव पडलं. गोष्ट निष्ठेची आहे. पण प्लुटार्क ती सांगतो ते माणसाचं कर्तव्य पटवण्यासाठी. कुत्र्याने काय दिलं हा हिशोब तो उलटा फिरवतो. मला केटोच्या यादीतला गुलाम जास्त टोचला. म्हाताऱ्या बैलाला विकायचा सवय झालेला हात माणसापाशी येऊनही थांबत नाही.

ग्रंथात उपदेश असतो. तो कुणी पाळला का, हे हाडं सांगतात. ट्युनिशियात प्राचीन कार्थेजच्या यास्मिना दफनभूमीत रोमन काळातल्या एका तरुण व्यक्तीच्या पायाशी एक छोटं, लाडाचं वाटावं असं कुत्रं पुरलेलं सापडलं. खांद्याजवळ काचेचा वाडगा. कुत्रं अतिशय म्हातारं: सांधे झिजलेले, खुबा निखळलेला, कणा बिघडलेला, कितीतरी दात पडून गेलेले. हाडांचा अभ्यास करणाऱ्यांनी निष्कर्ष काढला की अशा जनावराला स्वतःहून जगणं शक्यच नव्हतं. कुणीतरी त्याला मऊ अन्न भरवत असणार. ते वाचून मी पळी खाली ठेवली. त्या घराचं नाव-गाव टिकलेलं नाही. पण कुणीतरी कसलीशी लापशी घोटत होतं, इतकं त्या जबड्यावरून कळतं.

त्याच जगातला एक शिलालेख इटलीतल्या सालेर्नोचा. पात्रिकस नावाच्या कुत्र्यासाठी त्याच्या धन्याने लॅटिन पद्यात कोरवलेला. तो जेवणाच्या मेजाशी येई, मांडीवरून घास मागे, धन्याने धरलेला प्याला चाटे, दमून घरी आलेल्याला शेपूट हलवून सामोरा जाई, हे सगळं त्यात आहे. आणि सुरुवातीलाच धनी म्हणतो की आज मी तुला रडत वाहून नेतो आहे. तीन 'लुस्त्रुम'पूर्वी तुला असंच उचललं होतं, तेव्हा आनंदात होतो.

हे मराठीत आणायला बसले आणि दोन ठिकाणी अडले. कुत्र्यासाठी वापरलेला शब्द लाडाचा आणि स्त्रीलिंगी आहे, नाव मात्र पुल्लिंगी वाटतं. इंग्रजी अनुवादक इथे 'ही' का 'शी' म्हणत चाचपडतात. मराठीने मला वाचवलं: कुत्रं. तिसरं लिंग, जे आपण लेकरासाठी वापरतो, पाखरासाठी वापरतो, आणि 'म्हातारं' म्हणताना माणसासाठीही. मायेला आणि हेटाळणीला आपण एकच लिंग ठेवलंय. कुठली ते आवाजावरून कळतं.

दुसरी अडचण 'लुस्त्रुम'. रोमन लोकांचा पाच वर्षांचा हा काळ शिरगणती आणि शुद्धीच्या विधीशी जोडलेला. 'पंधरा वर्षं' लिहिलं तर अर्थ येतो, वजन येत नाही. मग वेदांग ज्योतिष आठवलं. तिथलं युग पाच वर्षांचं असतं. तीन लुस्त्रुम म्हणजे तीन युगं. मी तसंच लिहिलं. कुत्र्याच्या आयुष्यात तीन युगं मावतात, हे खारीकडे बघून मला खरंच वाटतं.

आता बांचा सल्ला. पांजरपोळाचा मुंबईतला इतिहास कुत्र्यांशीच जोडलेला निघाला. जून १८३२ मध्ये फोर्ट भागात सरकारी हुकुमाने भटकी कुत्री मारली जात होती, दर कुत्र्यामागे बक्षीस होतं. पारशी खवळले. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे. मृताजवळ कुत्रं आणून त्याची नजर पाडतात. शिपायांना मारहाण झाली, दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली, हिंदू नि जैन व्यापारीही सामील झाले, शेवटी फौज आली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईचं पांजरपोळ उभं राहिलं. पारशांच्या 'वेंदिदाद'मध्ये पापांची एक यादी आहे. त्यात एक पाप असं: घरच्या किंवा मेंढरांमागच्या कुत्र्याला फार टणक हाड किंवा फार गरम अन्न देणं, कारण हाड दातात-घशात अडकतं आणि गरम घासाने तोंड पोळतं. भात बोटाने तपासणाऱ्या मला एका धर्मग्रंथाचा आधार मिळाला. बांना मी म्हटलं, "बा, पांजरपोळ चांगलंच असेल. पण हिला आता माणसं वासावरून कळतात. तिथे तिला माझा वास कुठून मिळणार?" त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं अर्धं अंडं येऊ लागलं नाही, त्या शाकाहारी आहेत. पण जुन्या सुती साड्या येऊ लागल्या, खारीखाली घालायला.

डॉक्टरांच्या सल्ल्याला उत्तर देणं अवघड. महाभारतात महाप्रस्थानिक पर्वात इंद्र युधिष्ठिराला सांगतो, कुत्रं सोड आणि रथात बस. युधिष्ठिर नाही म्हणतो. जो भक्त आहे त्याचा त्याग ब्रह्महत्येच्या तोडीचा, असं त्याचं म्हणणं. शेवटी कुत्रं म्हणजे साक्षात धर्म निघतो, आणि तो शेवट मला खुपतो. देव निघाला नसता तर? हस्तिनापुरापासून हिमालयापर्यंत चालून दमलेलं साधं कुत्रंच असतं, तरी उत्तर तेच असायला हवं. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यातही, उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत प्राणी टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड किमान १० रुपये, जास्तीत जास्त ५०. ब्रह्महत्येपासून दहा रुपयांपर्यंत आपण आलो.

पण त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. जनावराला जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरत असेल, तर न्यायालय त्याला मरण देण्याचा हुकूम करू शकतं. आणि युधिष्ठिर आपल्या वागण्याला जो शब्द वापरतो तो निष्ठा नाही, दयाही नाही. 'आनृशंस्य', क्रूर न होणं. मी बरीच वर्षं हा शब्द 'करुणा' असा उरकला होता. आता तसं करणार नाही. करुणा वाटते, क्रूर न होणं रोज ठरवावं लागतं, आणि क्रूरता कुठल्या बाजूला आहे ते दर वेळी आधी माहीत नसतं. मराठीत 'सोडणं' आणि 'सोडवणं' यांत एका अक्षराचं अंतर आहे. इंद्र सोडायला सांगत होता. डॉक्टर सोडवण्याबद्दल बोलत होते.

मी डॉक्टरांना फोन करून सांगितलं की अजून नाही; आणि वेळ येईल तेव्हा घरी याल का, असंही विचारलं. ते हो म्हणाले. काय बघायचं तेही त्यांनी सांगितलं: खाते का, स्वतः उठायची धडपड करते का, झोप शांत आहे का. मी वहीत रोज लिहिते.

आज सकाळची नोंद अशी. रात्री दोनदा उठून भिंतीकडे तोंड करून उभी होती. जिन्यात एकदा बसली. मऊ भात पाऊण वाडगा खाल्ला, बाकीचा मी बोटाने भरवला. बोट चाटलं.