बेंबीमागचा नकाशा

पोट म्हटले की आपल्याला आठवते ते त्याचे बाहेरचे रूप. पण पोटाच्या पुढच्या भिंतीची आतली बाजू कशी दिसते? एखाद्या घराची भिंत बाहेरून सपाट गिलावा केलेली असावी आणि आतून मात्र खुंट्या, कोनाडे दिसावेत, तसा हा प्रकार आहे. हर्नियाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास या आतल्या बाजूच्या शोधाचाही इतिहास आहे.

आतून पाहिले तर बेंबीपासून खाली पाच घड्या उतरताना दिसतात. मधली घडी म्हणजे गर्भावस्थेत मूत्राशय आणि बेंबी यांना जोडणाऱ्या नळीचा अवशेष. तिच्या दोन्ही अंगांच्या घड्या म्हणजे बाळाचे रक्त नाळेकडे नेणाऱ्या धमन्या. जन्मानंतर त्या मिटतात आणि त्यांच्या दोऱ्या होतात. सर्वांत बाहेरच्या दोन घड्यांत मात्र जिवंत, वाहत्या रक्तवाहिन्या असतात. घड्यांच्या मधे उथळ खळगे असतात आणि जांघेतला हर्निया बहुधा याच खळग्यांतून वाट काढतो.

हा आजार जुना आहे. सुश्रुतसंहितेत 'आंत्रवृद्धि' या नावाने त्याची नोंद आहे. पण त्याचा भूगोल नीट कळला तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. लंडनच्या ॲस्टली कूपर यांनी १८०४ आणि १८०७ मध्ये हर्नियावरील ग्रंथाचे दोन भाग प्रसिद्ध केले. त्याच सुमारास जर्मनीतील व्युर्त्सबुर्गचे फ्रान्त्स कास्पर हेसेलबाख शवविच्छेदन करून खळग्यांचा अभ्यास करीत होते. रक्तवाहिनीच्या घडीच्या बाहेरच्या खळग्यातून येणारा हर्निया वेगळा, आतल्या खळग्यातून येणारा वेगळा. पहिला बहुधा जन्मापासून उघड्या राहिलेल्या वाटेने येतो, दुसरा झिजलेल्या भिंतीतून. आतल्या बाजूच्या त्या दुबळ्या भागाला आजही 'हेसेलबाखचा त्रिकोण' म्हणतात.

नकाशा हाती आला, तरी उपाय मिळायला बराच काळ गेला. शल्यविशारद बाहेरचे तोंड शिवून टाकीत. आतली भिंत दुबळीच राहत असल्याने हर्निया पुन्हा डोके वर काढी. ही कोंडी फोडली इटलीच्या एदोआर्दो बास्सिनी यांनी. गॅरिबाल्डींच्या स्वयंसेवकांबरोबर १८६७ साली रोमजवळ लढताना त्यांच्या जांघेत संगीन घुसली होती. त्या जखमेतून ते बचावले, पुढे पादुआ येथे प्राध्यापक झाले आणि १८८४ मध्ये त्यांनी आपली शस्त्रक्रिया प्रथम केली. बाहेरचे तोंड बुजवण्याऐवजी त्यांनी जांघेतला बोगदा उघडून त्याची मागची भिंतच तीन थरांनी नव्याने बांधली. १८९० मध्ये त्यांनी २६२ शस्त्रक्रियांचा अहवाल दिला, तेव्हा हर्निया पुन्हा उद्भवल्याची उदाहरणे मोजकीच होती.

पुढचे पाऊल फ्रान्सच्या आंरी फ्रुशो यांचे. जांघेतले सारे हर्निया अखेर एकाच दुबळ्या खिडकीतून बाहेर पडतात, असे त्यांनी १९५६ मध्ये मांडले. मग एकेक भोक शिवण्यापेक्षा सारी खिडकीच आतून झाकावी, हा विचार पुढे आला. जाळी आली, दुर्बीण आली. १९८२ मध्ये राल्फ गेर यांनी दुर्बिणीतून हर्निया बंद केल्याचे प्रसिद्ध केले.

आणि पाच घड्यांचा तो जुना नकाशा पुन्हा कामाला आला. दुर्बीण पोटात गेल्यावर शल्यविशारद आधी त्या घड्या ओळखतो, मगच पुढे सरकतो. कारण बाहेरच्या खळग्याच्या खाली मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात. जाळी पक्की करताना तिथे एक टाचणी चुकली, तर रक्तस्राव आवरणे कठीण. या जागेला शल्यविशारदांनी 'विनाशाचा त्रिकोण' असेच नाव दिले आहे.

एकेकाळी शवागाराच्या थंड टेबलावर पाहिलेल्या या घड्या आज जिवंत माणसाच्या पोटात, पडद्यावर उजळून दिसतात. त्या शवांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. पण आजचा रुग्ण दुसऱ्या दिवशी चालत घरी जातो, त्यात त्यांचाही वाटा आहे.