तांजियरचा पाहुणा आणि कळण्याची भाकरी

मोरोक्कोकडचा कोंबडीचा मसालेदार रस्सा जळगाव-धुळ्याच्या घरात रांधावा असे कुणी म्हटले, की पहिला आक्षेप ठरलेला: हे परक्यांचे अन्न, आपल्या भाकरीशी त्याचा काय संबंध? ‘आपले’ आणि ‘परके’ ही वाटणी ताटापुरती कधीच थांबत नाही. म्हणून तिची ऐतिहासिक शहानिशा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मोरोक्कोचा एक पाहुणा खानदेशातून गेला त्याला पावणेसातशेहून अधिक वर्षे लोटली. तांजियर येथे १३०४ साली जन्मलेला इब्न बतूता १३४२ साली मुहंमद तुघलकाचा वकील म्हणून दिल्लीहून चीनकडे निघाला. दौलताबादहून खंबायतकडे जाताना वाटेत त्याला नंदुरबार लागले. (नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १९९८ साली.) फेझ येथे १३५५ साली पूर्ण झालेल्या प्रवासवर्णनात तो तिथल्या मराठ्यांना कुशल कारागीर, वैद्य व ज्योतिषी म्हणतो. त्यांतील प्रतिष्ठितांचे अन्न भात, भाज्या आणि तिळाचे तेल. जीवहत्या त्यांना नापसंत. अर्थात हे वरच्या वर्गाचे ताट झाले. भिल्लांच्या चुलीपर्यंत हा पाहुणा पोहोचला असेल असे आम्हांस वाटत नाही.

कोंबडी त्याला वाढली गेली ती पुढे होनावरच्या सुलतानाकडे. भात, तूप आणि मिरी, आले, लिंबू, आंबा यांच्या लोणच्यांसह. तिथे अकरा महिने रोटीवाचून काढावे लागले, हेही तो नोंदवून ठेवतो.

लाल मिरची त्याने ना मायदेशी चाखली, ना इथे. ती अमेरिकेची, १४९२ नंतर स्पॅनिश-पोर्तुगीज जहाजांतून जगभर पसरली. म्हणजे आमचा झणझणीत खानदेशी रस्सादेखील पाचशे वर्षांहून जुना नव्हे. कोंबडी मूळची आग्नेय आशियाची. उलट ज्वारी आणि बाजरी आफ्रिकेतून भारतात आल्या, त्याही काही हजार वर्षांपूर्वी. कळण्याच्या भाकरीतला उडीद तेवढा इथला; ज्वारी तिकडची!

आता रांधण्याविषयी. मोरोक्कोत हा रस्सा शंकूच्या आकाराचे झाकण असलेल्या मातीच्या भांड्यात शिजवतात. भांड्याला आणि रश्श्याला नाव एकच, ताजीन. वाफ झाकणाला लागून पुन्हा खाली उतरते, म्हणून पाणी थोडेच लागते. आपल्याकडे जाड बुडाचे पातेले आणि घट्ट झाकण पुरे. कांदा भरपूर घ्यावा, परंतु आपल्यासारखा निखाऱ्यावर काळा भाजू नये. सुके खोबरेही नको. तेलात कांदा, आले, लसूण, हळद, जिरे, मिरी व दालचिनी यांसह कोंबडी परतावी आणि मंद आचेवर पाऊण तास ठेवावी. केशर ऐपतीप्रमाणे. खारवलेल्या लिंबावाचून मात्र त्याला चव नाही. त्यासाठी आपल्या बरणीतले मिठातले बिनतिखटाचे लिंबू धुऊन, गर काढून, साल बारीक चिरून शेवटी घालावी. मीठ आधी बेताचेच टाकावे.

तिकडे हा रस्सा गव्हाच्या जाड रोटीच्या तुकड्याने टिपून खातात. आपल्या रश्श्याहून तो दाट असतो, तेव्हा भाकरी त्यात चुरू नये. तुकडा मोडून टिपावी.