ॲपगार, व्हर्जिनिया

(७ जून १९०९ – ७ ऑगस्ट १९७४). अमेरिकन भूलतज्ज्ञ. जन्म न्यू जर्सीतील वेस्टफील्ड येथे. कोलंबिया विद्यापीठातून १९३३ मध्ये त्या डॉक्टर झाल्या व शस्त्रक्रियेकडे वळल्या. ॲपगार यांचे हात कुशल असूनही ॲलन व्हिपल या ज्येष्ठ शल्यचिकित्सकांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळवले. स्त्री शल्यचिकित्सकाला तेव्हा पोट भरण्याइतके रुग्ण मिळणे अवघड होते. शिवाय भूल सुधारल्याशिवाय शस्त्रक्रिया पुढे सरकणार नाही, हे व्हिपल जाणून होते. भूल देण्याचे काम त्या काळी बहुतांशी परिचारिकांकडे असे. विस्कॉन्सिनमध्ये राल्फ वॉटर्स व न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात एमरी रोवेनस्टाइन यांच्याकडे शिकून १९३८ मध्ये त्या कोलंबियात भूलविभागाच्या प्रमुख झाल्या.

१९४९ मध्ये तेथे स्वतंत्र भूलशास्त्र विभाग झाला, पण प्रमुखपद इमॅन्युएल पॅपर यांना मिळाले. ॲपगार मात्र त्या वैद्यक महाविद्यालयातील पहिल्या महिला पूर्ण प्राध्यापक ठरल्या. मग त्यांनी प्रसूतिकक्षातील भुलेकडे लक्ष वळवले. आईला दिलेल्या औषधाचा बाळावर काय परिणाम होतो, हे मोजायला सोपे साधन हवे होते. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, उद्दीपनाला प्रतिसाद व त्वचेचा रंग या पाच लक्षणांना प्रत्येकी ० ते २ गुण देणारी त्यांची पद्धत १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे मोठेपण साधेपणात आहे : यंत्र लागत नाही, आणि सर्वांचे लक्ष आईकडे असताना कोणीतरी बाळाकडे नीट पाहते. महाराष्ट्रातील प्रसूतिगृहांतही या पद्धतीचा ‘ॲपगार स्कोअर’ नोंदवला जातो.

१९५९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन त्या ‘मार्च ऑफ डाइम्स’ संस्थेत जन्मजात व्यंगांवरील कामात गेल्या.