दंबानातला शर्ट

आमची गाडी थांबली तेव्हा तो ओसरीवर बसून सायकलची चेन बसवत होता. अंगात निळा शर्ट होता. चालकाने सिंहलीत दोन शब्द टाकले, तसा तो उठून आत गेला आणि बाहेर आला तो उघड्या अंगाने, खांद्यावर कुऱ्हाड टाकून. मला कसंसंच झालं. पण तोवर माझा कॅमेरा बाहेर आला होता, हेही कबूल करायला हवं.

श्रीलंकेत महियंगणजवळचं दंबाना हे वेद्दांचं गाव. ‘वेद्दा’ हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं, आपल्या ‘व्याध’ शब्दाशी नातं सांगणारं. ते स्वतःला वन्नियाला-ऐत्तो म्हणवतात, म्हणजे अरण्यातली माणसं.

शर्टाची ही गोष्ट मात्र माझ्यापासून सुरू झालेली नाही. सेलिगमन दांपत्याचा वेद्दांवरचा ग्रंथ 1911 साली आला. युरोपीय प्रवासी आले की दानिगलच्या वेद्दांना जवळच्या विश्रामगृहावर बोलावणं जाई, आणि एरवी शेजारच्या सिंहली शेतकऱ्यांसारखे कपडे घालणारी ही माणसं तिथे मात्र तोकड्या पारंपरिक वस्त्रात उभी राहत, असं त्यांनी त्यात नोंदवलंय. शंभर वर्षं उलटली, फरमाईश तीच!

त्याच्याही आधीची एक नोंद मला जास्त आवडते. रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज खलाशी 1660 पासून एकोणीसेक वर्षं कँडीच्या राज्यात कैदेत होता. 1681 च्या पुस्तकात तो सांगतो, की वेद्दांना बाणांची पाती हवी असली की ते रात्री लोहाराच्या दारात मांस टांगून जात आणि पात्याचा आकार कापलेलं पान सोबत ठेवत. लोहार तशी पाती घडवून टांगून ठेवी. दोघं एकमेकांचं तोंडही पाहत नसत. दिसायचं की नाही हे तेव्हा वेद्दा ठरवत होते.

ते ठरवणं जंगलाच्या जोरावर होतं. महावेली प्रकल्पाच्या काळात, 1983 साली, त्यांच्या शिकारीच्या रानाचं मादुरू ओया राष्ट्रीय उद्यान झालं. शिकार आणि मध काढणं गुन्हा ठरलं. बऱ्याच कुटुंबांना भातशेतीच्या वसाहतींत हलवलं गेलं. म्हातारे नायक तिसाहामी हलले नाहीत. 1998 साली वारले ते दंबानाचेच राहून.

मी कॅमेरा पिशवीत टाकला. त्याने रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी माझे बाहू धरले आणि मग आम्ही बसलो. काय विचारावं ते मला सुचेना (धनुष्य मारून दाखवा, हे सोडून). शेवटी त्यानेच चालकामार्फत विचारलं, तुमच्याकडे जंगलात शिरायला परवानगी लागते का?

मी बोरिवलीचा. राष्ट्रीय उद्यानात सकाळी फिरायला जातो, त्याचा पास आहे. त्याच हद्दीत वारल्यांचे पाडे आहेत. तिथे राहणाऱ्या कुणालाही मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. लागते, एवढंच म्हणालो.

तो हसला. मी मधाची बाटली घेतली, घासाघीस केली नाही. गाडी वळवताना मागे पाहिलं, तर त्याने शर्ट चढवला होता आणि तो पुन्हा सायकलशी बसला होता.