स्मृतीचे मापन आणि जात्यावरची ओवी

स्मृतीच्या प्रायोगिक अभ्यासाचा पाया १८८५ मध्ये हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या ग्रंथाने घातला. अर्थाचा संपर्क टाळण्यासाठी त्याने व्यंजन-स्वर-व्यंजन अशा घडणीचे सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट योजिले व स्वतःवरच प्रयोग केले. त्यामुळे विस्मरणाचा वेग अंकांत मांडता आला. तथापि बायरनची कडवी पाठ करण्यास निरर्थक अक्षरांच्या मानाने सुमारे एकदशांश श्रम पुरतात, ही नोंदही त्याचीच. १९३२ मध्ये केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने हा वगळलेला अर्थच केंद्रस्थानी आणिला. स्मरण म्हणजे पूर्वसंस्कारांच्या आधारे केलेली पुनर्रचना होय, असे त्याने प्रतिपादिले.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत लोकगीते संकलित करणाऱ्यास हा वाद केवळ तात्त्विक राहत नाही. जात्यावरच्या ओवीतील यमक, चरण व ठरीव शब्दबंध हे घटक मोजता येतात. पण ते ओठांवर येत ते पहाटेच्या दळणात, जात्याच्या फेराबरोबर, समोर बसलेल्या जोडीदारणीच्या साथीने. पिठाच्या गिरणीने जाते अडगळीत गेले. आता ओसरीवर वही उघडून विचारले असता वृद्धेस ओवी आठवली नाही, तर ‘विसरली’ असा शेरा मारणे उतावीळपणाचे ठरेल. गॉडन व बॅडली यांच्या १९७५ मधील प्रयोगात पाणबुड्यांना पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच अधिक आठवले. हा निष्कर्षही सुट्या शब्दांच्या मोजणीतूनच निघाला. तेव्हा मोजणी अवश्य करावी. परंतु त्याआधी संकलकाने जाते मांडावयास सांगावे.